सात नंबरचं टेबल

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

"हात रिकामे राहिले की ते माणसाकडे बघत बसतात." आई हे म्हणाली तेव्हा तू आमच्या घरात आलीही नव्हतीस. मी शाळेत होते. इस्पितळाच्या धुलाईत आठवडाभर चादरींच्या घड्या घालून आई थकायची, आणि सुट्टीच्या दिवशी शेजारणीच्या वाळलेल्या कपड्यांच्याही घड्या घालायला बसायची. मी वैतागून विचारलं, "कशाला गं?" तर हे उत्तर. मी हसले होते. हातांना काय डोळे असतात?

असतात. ऑपरेशननंतर मला ते कळलं. फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची माझी नोकरी घशाबरोबरच गेली. डॉक्टर म्हणाले, कुजबुजीएवढा आवाज राहील, त्यावर समाधान माना. मी मानलं; हातांनी मानलं नाही. ओटा पुसायचा, पुसलेला परत पुसायचा. खिडकी उघडायची, लावायची. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या, "वर कोणी राहायला आलंय का? सारखा आवाज येतो."

म्हणून तुझे आभार. तू तुमच्या गोदामातल्या इंजिनियर मुलीला माझ्याबद्दल सांगितलंस आणि हे घरबसल्या काम मिळालं. तुमच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले छोटे छोटे तुकडे माझ्याकडे येतात. चेहरे नाहीत, आवाज नाही. वरून दिसणारे हातमोज्यांतले हात आणि पार्सलं. पार्सल लहान की मोठं, जड वाटतं का, कुठल्या टेबलाकडे गेलं, हात कुठे अडखळला, कुठे विनाकारण हलला, यावर खुणा करायच्या. त्या खुणांवरून म्हणे यंत्र शिकणार. त्यातला एखादा हात तुझा असेल, या विचाराने मला बरं वाटतं.

कागदावर लिहिते आहे, हसू नकोस. व्हिडिओवर माझी कुजबुज तुला पोचत नाही आणि मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस. अंगठ्यावरून खुशाली कळत नाही.

आणि एक. दुपारी आईला कधीही फोन लावला तर ती उचलत नाही; तू म्हणतेस, झोपलेली. आई? दुपारी? दादा जहाजावर, मी इतक्या लांब. तुझ्याशिवाय विचारू कोणाला? ती बरी आहे ना? खरं लिही.

तुझी
नणंद


२३ जानेवारी

प्रिय रेडिओबाई,

ह्यांनी तुला ठेवलेलं नाव मी बदलणार नाही. रेडिओ बिघडला म्हणून त्याला कोणी पंखा म्हणत नाही.

आई मजेत आहेत. आत्ता माझ्यासमोर बसून मटार सोलतायत आणि दाण्यांपेक्षा सालं जास्त निघाली म्हणून भाजीवाल्याचा उद्धार करतायत. थंडीचं दुपारी जरा आडव्या होतात, एवढंच. वय झालं ना आता. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुला हात दिसतात, पण नक्की काय चाललंय ते कळत नसेल, म्हणून सांगते. पार्सलं वाहून आणणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या तोंडाशी मी उभी असते. माझ्या बोटात अंगठी आहे. लग्नातली नव्हे, कंपनीची. पार्सलावरच्या काळ्या रेघांवर ती धरली की टीं वाजतं. मग मी ते पार्सल पुढच्या टेबलांपैकी एकाकडे सरकवते. टेबलावरची बाई पत्ता बघून ते त्या त्या गावाच्या पिशवीत टाकते. कुठलंही पार्सल कुठल्याही टेबलावर चालतं, फक्त ढीग साचता कामा नये. म्हणजे कोणाला काय द्यायचं ती माझी मर्जी. घरात कोणी मला एवढा अधिकार दिलेला नाही.

आता पट्ट्यावर एक कमान बसते आहे. ती सगळ्या बाजूंनी एकदम रेघा वाचणार. आणि माझ्या जागी लोखंडी हात येणार, सरकवायला. तो सध्या माझ्याकडून शिकतोय. विद्यार्थी हुशार आहे, चहालासुद्धा थांबत नाही. आमचे साहेब दिवसभर "आवरा, आवरा" करत फिरतात म्हणून आम्ही त्यांना आवरासाहेबच म्हणतो. ते म्हणाले, "तुम्ही जशा वाटता, तस्सं तो वाटणार. जपून वाटा." मी म्हटलं, "आणि मग मी?" तर म्हणे, कमानीला जे वाचता येणार नाही, फाटकी लेबलं, ओली लेबलं, ते बघायला तुम्ही. म्हणजे हुशार मुलं त्याच्या वर्गात आणि ढ माझ्या.

पट्ट्याच्या खडखडाटात तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही सगळ्या हातांनीच बोलतो. तू तिथे सहज खपून गेली असतीस.

घसा जप. गरम पाणी घेत जा.

तुझी
वहिनी


१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझा हात मी ओळखला! पट्ट्याच्या तोंडाशी, तिसऱ्या बोटात अंगठी, आणि पार्सल सरकवताना करंगळी वर. चहाचा कप धरतेस तशी. एकटीच टाळ्या वाजवल्या मी.

पण आता भांडायला बसले आहे. तो सात नंबर कोण आहे?

सगळ्या टेबलांवर जड-हलकं मिळूनमिसळून जातं. सातवर मात्र नेहमी पाकिटं, छोटे डबे, फार तर एखादी चपलांची जोडी. मोठं खोकं आलं की तुझा हात सातच्या अलीकडे थबकतो आणि ते आठकडे ढकलतो. एकदा नाही, दरवेळी. आठवरच्या बिचारीचे हात बघ, चिमुकले आहेत; ती दोन्ही कोपरांनी खोकी ओढते. आणि सातवरची बाईसाहेब फुलं झेलते. वर लाड किती! पार्सल पिशवीत टाकलं की त्याला दोनदा थोपटते. मी दरवेळी 'विनाकारण हालचाल' अशी खूण करते, तेवढाच माझा सूड.

आवरासाहेबांची कोणी लागते का ती? तुला तसं वाटायला सांगितलंय का? तू सोसत राहतेस, मला माहीत आहे. दादाच्या लग्नात जेवण कमी पडलं तेव्हाही तू नव्या साडीत उपाशी बसली होतीस आणि भूक नाही म्हणाली होतीस.

तर ऐक, मी एक काम केलं. आमच्याकडे 'वेगळं काही आढळल्यास' असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं: "सात नंबरच्या टेबलाला मुद्दाम हलकी पार्सलं दिली जातात. यंत्राने हे शिकू नये." तुझं नाव कुठेही नाही. इंजिनियर मुलीने लगेच उत्तर पाठवलं, फार उपयोगी निरीक्षण आहे म्हणून. तुझ्या विद्यार्थ्याला निदान वाईट सवय लागणार नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी बोललो आणि कोणीतरी ऐकलं.

आईला फोनवर आणशील? झोपेतून उठवून आण. नुसतं बघीन तिला.

तुझी
नणंद


१७ फेब्रुवारी

रेडिओ,

तू सातबद्दल जे लिहिलंस ते मागे घे. काहीही सांग. चुकून लिहिलं म्हण, डोळे दुखत होते म्हण.

ती कोणाची लाडकी नाही. मला कोणी सांगितलेलं नाही. वाटणारी मी, मर्जी माझी. का ते विचारू नकोस. मी कोणाला तरी शब्द दिलाय. पुढच्या आठवड्यात लोखंडी हात चालू होतोय, त्याच्या आत मागे घे.

आई बऱ्या आहेत.

वहिनी


८ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं आणि मी चिडले. शब्द दिलाय म्हणे. मला वाटलं, इथेही तू स्वतः उपाशी राहून कोणालातरी झाकते आहेस. मी उत्तर लिहिलं नाही. मागेही काही घेतलं नाही. खोलीत नुसत्या येरझारा घातल्या.

मग परवा दोरीवरची चादर काढली. एकटीने चादरीची घडी घालायची म्हणजे हनुवटीखाली धरावी लागते, आईने शिकवलं तशी. घडी झाली, पलंगावर ठेवली आणि माझ्या हाताने तिला दोनदा थोपटलं.

मी तशीच उभी राहिले. हात चादरीवर.

धुलाईत आई प्रत्येक घडीला असंच थोपटायची. लहानपणी मी तिथे कोपऱ्यात बसून अभ्यास करायचे तेव्हा विचारलं होतं. म्हणाली, "त्यांना कळायला नको का, आपलं झालं म्हणून?"

मी कॉम्प्युटर चालू केला आणि सातचे सगळे तुकडे परत बघितले. मोजे आहेत, हात दिसत नाहीत. पण उजवं मनगट कुठेच पूर्ण वळत नाही. भार सगळा डाव्यावर. आणि प्रत्येक पार्सलाला थप, थप. आवाज नाही, तरी मला ऐकू आलं. त्या प्रत्येकावर माझी खूण आहे: विनाकारण हालचाल. विनाकारण हालचाल. विनाकारण हालचाल.

वहिनी, माझी आई दुपारी झोपत नाही. माझी आई मटार सोलत नाही. तू मला तोंडभरून खोटं सांगितलंस. आणि मला काम देताना तुला एवढंही सुचलं नाही, की ते हात माझ्यासमोर येतील?

मागे घ्यायला मला आता उशीर झाला असेल, आणि खरं सांगू, मला घ्यायचंही नाही. बरंच झालं. आयुष्यभर उभी राहिली ती. जड पार्सलं आली की आपोआप घरी बसेल. तू तिला हलकी पार्सलं देऊन तिथे उभी करत होतीस. मी तिला खुर्ची दिली असं समज.

नणंद


२० मार्च

प्रिय रेडिओ,

तुझं पत्र जिन्यात बसून वाचलं. घरात आई होत्या.

खोटं बोलले, कबूल. आणि तुला कामाला लावताना सुचलं नाही हेही खरं. हातांवरून कोणी कोणाला ओळखेल असं मनातसुद्धा आलं नाही. तू माझी करंगळी ओळखलीस तेव्हा मात्र आलं.

ह्यांचं जहाज सुटलं त्यानंतर एकदा मी कामावरून आले, तर आईंनी कपाटातला प्रत्येक कपडा काढून नव्याने घडी घातलेला. दुसऱ्या दिवशी परत तेच कपडे, परत त्याच घड्या. मग शेजाऱ्यांची बेल वाजवून "तुमचे आहेत का काही?" असं विचारायला लागल्या. आणि एका सकाळी बसच्या थांब्यावर माझ्या मागे उभ्या, हातात डबा.

मी म्हटलं, "आई, कुठे?"

"तू जातेस तिथे. बस काय तुझ्या एकटीची आहे?"

आवरासाहेबांनी वय विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या आईएवढं. तिला विचारून या किती आहे ते." त्यांनी मुकाट्याने मोजे काढून दिले. मला मात्र शपथ घातली: "तिला कळवायचं नाही. घसा कापलेली पोर धावत येईल मला घरी बसवायला." तू तेव्हा इस्पितळातून नुकतीच सुटली होतीस. मी काय करणार होते?

मनगटाचं त्यांनी कधी सांगितलं नाही. हलकं द्या असंही म्हणाल्या नाहीत, मीही कधी विषय काढला नाही. माझा हातच सातकडे हलकं सरकवायला लागला. आठवरच्या बाईला आम्ही पैलवान म्हणतो, एवढीशी आहे म्हणून. तिला सगळं कळत होतं. मोठं खोकं आलं की तीच मला हाताने खुणवायची, इकडे दे.

लोखंडी हात चालू झाला तो दिवस तुला सांगायलाच हवा. आम्ही सगळ्या आपापल्या जागी, श्वास रोखून. पहिलं खोकं आलं. हात सातच्या अलीकडे थबकला आणि ते आठकडे ढकललं. मग पाकीट आलं, ते सातकडे. परत खोकं, थबकला, आठकडे. पैलवान पोट धरून हसायला लागली. आईंनी लांबून माझ्याकडे बघितलं, भुवया उडवल्या, हातानेच विचारलं: ह्याला कोणी शिकवलं? मी छातीवर बोट ठेवलं. आमच्यात ते पहिल्यांदा उघड झालं गं, त्या यंत्रामुळे. त्या दिवशी बसमध्ये त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

त्या आठवड्यातच इंजिनियर मुलगी आली, म्हणाली एक बिघाड सापडलाय, आणि दुरुस्त करून गेली. आता सातवर सगळं येतं. आई खोकी पोटाशी धरून उचलतात आणि मनगटाला फडकं बांधून वर मोजा घालतात. तू म्हणतेस घरी बसतील. तुझी आई तुला माहीत नाही. हात निखळून पिशवीत पडला तर त्यालाही पत्ता बघून योग्य गावी टाकतील, पण बसणार नाहीत.

त्यांना वाटतंय मी सांगितलं. त्यांना घरी पाठवायला. माझ्याशी बोलणं बंद आहे. डबा भरतात, पण हातात देत नाहीत, ओट्यावर ठेवतात. मी तुझं नाव सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, तुझ्याशी त्या अबोला धरू शकत नाहीत, माझ्याशी धरू शकतात, तर माझ्याशीच धरू दे.

शिकवणी संपली म्हणून टेबलांवरचे कॅमेरे काढून नेले. पैलवानला घराजवळ दुसरं काम मिळालं, ती गेली. आठ रिकामं आहे. आता तिथलंही थोडं सातवरच येतं. आवरासाहेब माणूस शोधतायत, मिळत नाही. मी फाटक्या लेबलांपाशी बसते, पार दुसऱ्या टोकाला. तिथून आई दिसतात, हात पोचत नाही.

जेवत जा नीट.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय आई,

हे पत्र वहिनीच्या नावावर नाही, तुझ्या नावावर आहे, म्हणजे ते तूच फोडायचंस.

सातची तक्रार वहिनीने केली नाही. मी केली. तू तिथे आहेस हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं कोणीतरी वशिल्याची बाई मजा मारते आहे आणि माझी वहिनी ओझी वाहते आहे. माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता, आणि जेव्हा पहिल्यांदा माझं म्हणणं कोणीतरी ऐकलं, तेव्हा ते तुझ्याविरुद्ध निघालं. वहिनीने मला मागे घ्यायला सांगितलं, मी घेतलं नाही. नंतर तुझे हात ओळखले तरीही घेतलं नाही. बरं झालं, आता घरी बसेल, असं लिहून पाठवलं. ते वाचूनही तिने तुला माझं नाव सांगितलं नाही. तेव्हा उद्या डबा तिच्या हातात दे. आजच दे.

गेल्या आठवड्यात मी इंजिनियर मुलीला लिहिलं, माझी चूक झाली, पहिलं वाटप बरोबर होतं. तिने विचारलं, का बरोबर होतं, कारण द्या. मी रात्रंदिवस त्या कारणावर अडकले आहे. खरं लिहिलं, की सातवरच्या बाईंचं मनगट दुखतं, तर ते तुझं मनगट बघणार नाहीत, तुझ्या जागी दुसरं कोणीतरी बघतील. आणि नाही लिहिलं तर लोखंडी हात तुला खोकी देतच राहणार. लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. शेवटी उत्तर पाठवलंच नाही.

तुकडे आता दुसऱ्या गोदामांतून येतात, पण हे काम मी सोडते आहे. हातांकडे वरून बघत बसवत नाही आता. आणि तू आजवर घातलेल्या कुठल्याच घडीवर 'विनाकारण' अशी खूण करायची माझी लायकी नाही.

वहिनी म्हणते तुझ्या शेजारचं आठ नंबरचं टेबल रिकामं आहे. मी आवरासाहेबांना अर्ज पाठवला होता. त्यांनी लगेच होकार कळवला, "आवरा आणि या" एवढंच. तुला न विचारता येणार नाही, म्हणून विचारते आहे. तू काय म्हणशील ते सगळं मला पाठ आहे. धूळ असते, घशाला चालणार नाही. शिकलेली आहेस, हे काय काम आहे का. डॉक्टरांना विचार. आपल्या घरात एक जण तरी बसून कमवायला नको का. तोंडाला फडकं बांधीन. आणि तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही म्हणतात, सगळ्याजणी हातांनी बोलतात; मला दुसरीकडे कुठे इतकं सोपं जाणार आहे? शेजारणीच्या कपड्यांच्याही घड्या घालणारी तू, तुला हे कळेल. माझेही हात माझ्याकडे बघतायत गं, कधीपासून.

तू मला येऊ दिलंस असं क्षणभर धरून चालले, तरी पुढचं तू करणार नाहीस हे मला माहीत आहे. उभ्या जन्मात तू स्वतःच्या हातातलं ओझं कोणाच्या हातात दिलेलं नाहीस. बाजारातून येताना पिशवीचा एक बंद धरू देत नव्हतीस. तरी मागते. सात आणि आठच्या मध्ये म्हणे हातभरच अंतर आहे, आणि आता वर कॅमेराही नाही.

मोठं खोकं आलं, की ते माझ्याकडे सरकवशील?

तुझी
रेडिओ